वाजतं करण्याचा हट्ट

युरोपातल्या जुन्या सामानाच्या दुकानांत कधी कधी एक चमत्कारिक टेबल विकायला दिसतं. सव्वा ते दीड मीटर लांब, जेमतेम अर्धा मीटर रुंद, चार निमुळत्या पायांवर उभं. झाकण उचललं की आत पत्रं ठेवायचे कप्पे, दौतीची जागा, कुठे आरसा. लाकूड मात्र साध्या टेबलाला नको इतकं चांगलं. समोरच्या बाजूला, जराशी डावीकडे सरकलेली एक लांब खाच, तिच्यात आता ड्रॉवर बसवलेले. त्या खाचेत एके काळी पट्ट्या होत्या. तारा, पट्ट्या, हातोड्या सगळं उपसून टाकून एका पियानोचं फर्निचर झालेलं असतं.

अशा टेबलांचा विषय निघाला की संगीतप्रेमी हळहळतात, आणि ते रास्तच आहे. पण याच जातीच्या वाद्याला दुसरंही एक मरण येतं. त्याबद्दल कुणी हळहळत नाही. उलट मालकाचं कौतुक होतं, घरगुती मैफल ठरते, गावच्या वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. ते मरण म्हणजे ‘वाजतं करणं’: नव्या तारा, हातोड्यांना नवं कातडं, नव्या खुंट्या, आणि गरज वाटली तर नवा साउंडबोर्डसुद्धा. अठराव्या शतकातल्या जर्मन चौकोनी पियानोपुरता तरी हा हट्ट सोडून द्यायला हवा. लंडनमध्ये बनलेल्या चौकोनी पियानोंना हाच नियम इतक्या कडकपणे लावायची गरज नाही. हा भेदभाव का, ते वाद्याच्या पोटात शिरल्याशिवाय कळणार नाही.

चौकोनी पियानो म्हणजे ऐपत नसलेल्यांचा ग्रँड, अशी एक समजूत आहे. ती ग्रँड विकणाऱ्यांना सोयीची होती. खरं तर हे वाद्य क्लॅव्हिकॉर्डच्या घराण्यातलं. जर्मन घरांत आधीपासून क्लॅव्हिकॉर्ड असायचा. लांबट पेटी, आडव्या तारा, आणि प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाला उभी केलेली पितळेची छोटी पात. पट्टी दाबली की पात खालून तारेला टेकायची आणि पट्टी सोडेपर्यंत टेकून राहायची. आवाज इतका नाजूक की खोलीत कुणी बोलायला लागलं तर बुडायचा. योहान सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याचं हे लाडकं वाद्य. पण तो गेल्यावर त्याच्या चीजवस्तूंची जी यादी १७९० मध्ये छापली गेली, तिच्यात क्लॅव्हिकॉर्डांच्या बरोबरीने गेरा गावच्या थोरल्या फ्रिडेरिचीने बनवलेला एक पियानोही आहे. पेटीचा आकार तोच ठेवायचा, पातीच्या जागी हातोडी आणायची, हा विचार जर्मन सुताराला सुचणं स्वाभाविक होतं. घरात जागा तेवढीच, जिन्यातून नेता येईल इतकं वजन, आणि आवाज पुरेसा मोठा.

झाकण उचलल्यावर आधी नजरेत भरतात त्या तिरप्या धावणाऱ्या तारा. पाच सप्तकं, ६१ पट्ट्या, बहुतेक वाद्यांत प्रत्येक स्वराला दोन तारा, म्हणजे १२२. वरच्या सप्तकांत लोखंडी, खर्जात पितळी, आणि तळाच्या काही तारांवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली. आजच्या मैफलीच्या ग्रँड पियानोत तारांचा एकूण ताण वीस टनांच्या घरात जातो. तो पेलायला बिडाची भक्कम चौकट लागते. इथे चौकटच नाही. ताण त्या मानाने फारच थोडा, आणि तो सगळा पेटीची जाड तळफळी नि भिंती मिळून पेलतात. सांधे सरसाने चिकटवलेले. तंबोऱ्यात तबलीचं जे काम, ते इथे स्प्रूसची पातळ फळी करते. ही फळी, म्हणजे साउंडबोर्ड, फक्त उजव्या बाजूला, पट्ट्यांच्या पलीकडे उरलेल्या जागेत. तिच्यावर घोडी, घोडीवर बारीक पिना, आणि कित्येकदा पिनांशेजारी शाईने लिहिलेले आकडे. इथून पुढे कोणत्या जाडीची तार लावायची, याची ती कारागिराने स्वतःसाठी करून ठेवलेली नोंद असते.

पट्ट्यांची घडण तर पाहत बसावी अशी. त्या एकेक करून कापलेल्या नसतात. आधी लिंडेनच्या किंवा स्प्रूसच्या फळ्या जोडून एक सलग पट तयार करायचा. त्यावर सगळ्या पट्ट्या आखायच्या, पिनांसाठी भोकं पाडायची, आणि मग करवतीने त्यांना एकमेकींपासून सोडवायचं. म्हणून सगळ्या पट्ट्या बाहेर काढून क्रमाने मांडल्या की आखणीच्या आडव्या रेघा एकीतून दुसरीत सलग जाताना दिसतात. लाकडातली एखादी गाठ दोन पट्ट्यांत वाटली गेलेली असते. रेघ मध्येच चुकली, तर ती पट्टी नंतर कुणीतरी बदललेली आहे हे उघड होतं. मधल्या सप्तकात नखांनी पडलेले खळगे असतात. कोणते स्वर जास्त वाजले, याचा तो जमाखर्च. जर्मन वाद्यांत रंगही पुष्कळदा उलटे: आज जिथे पांढरं, तिथे आबनूस किंवा काळं केलेलं लाकूड, आणि आजच्या काळ्या पट्ट्यांच्या डोक्यावर पांढरं हाड. ‘काळी चार’ सांगून बैठक मारणाऱ्या गवयाची इथे पंचाईत व्हायची.

आता हातोडी. जर्मन पद्धतीत ती पट्टीच्याच मागच्या भागावर, एका छोट्या बेचक्यात झुलती बसवलेली असते. तिचं मागचं टोक चोचीसारखं निमुळतं. पट्टीचं पुढचं टोक बोटाखाली दबलं की मागचं वर उचललं जातं आणि हातोडीला घेऊन वर जातं. पण मागे एक आडवी पट्टी पक्की ठोकलेली असते. चोच तिच्याखाली अडते. विटीच्या टोकावर दांडू आपटला की विटी जशी टणकन उडते, तशी हातोडी उडते आणि तारेवर बसते. सगळी यंत्रणा म्हणजे एवढीच. बोट आणि तार यांच्यात इतकं थोडं लाकूड असल्यामुळे हाताला तारेचा जो अंदाज येतो, तो पुढच्या गुंतागुंतीच्या पियानोंत विरळा. दोषही आहेच. चोच आणि ती आडवी पट्टी यांच्यातलं अंतर कणभर चुकलं, तर जोरात वाजवताना हातोडी तारेवर दोनदा आपटते, किंवा तिथेच दाबून राहते आणि स्वर मरतो. आउग्सबुर्गच्या योहान आंद्रेआस श्टाइनने यावर तोड काढली. चोच ऐन वेळी सुटावी म्हणून त्याने प्रत्येक हातोडीमागे स्प्रिंगची स्वतंत्र खिट्टी बसवली. ऑक्टोबर १७७७ मध्ये मोझार्टने वडिलांना लिहिलेल्या पत्रात श्टाइनच्या पियानोंची तोंड भरून स्तुती केली, ती याच गुणासाठी. मात्र ती वाद्यं ग्रँड आकाराची होती. साध्या घरांतल्या चौकोनी पियानोला खिट्टीची चैन परवडत नसे.

मुद्द्याचा भाग इथून सुरू होतो. ही एक ‘जर्मन पद्धत’ म्हणून सांगितली, पण त्या काळी जर्मनी नावाचं एक राज्यच नव्हतं आणि पियानोची एक रीतही नव्हती. गेऱ्यात फ्रिडेरिची. ड्रेस्डेनमध्ये योहान गोटलोब वाग्नर, त्याने १७७४ च्या सुमाराला हातोड्यांना कातडं न लावलेला, आवाजाचा रंग बदलायच्या अनेक सोयी असलेला ‘क्लाव्हसां रोयाल’ काढला. आन्सबाखमध्ये क्लॅव्हिकॉर्डसाठी नावाजलेला हूबर्ट. उल्ममध्ये श्माल, त्याचे चिमुकले पियानो आडव्या ठेवलेल्या हार्पसारखे दिसत. रेगेन्सबुर्गमध्ये तर पट्टीने उडवलेली लाकडी कांडीच तारेवर आदळणारं वेगळं वाद्य निघालं. काहींनी हातोडी पट्टीवर बसवली, काहींनी वेगळ्या दांडीवर. काहींनी कातडं लावलं. काहींना उघड्या लाकडाचा खणखणीत आवाजच हवा होता, कारण त्यांच्या कानात पांतालेओन हेबेनश्ट्राइटचं वाद्य घुमत होतं. हेबेनश्ट्राइट हातात दोन काठ्या घेऊन एक अवाढव्य संतूर वाजवायचा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसमोरही त्याने ते वाजवलं. पुढे उघड्या हातोड्यांचे आणि तारा दाबून गप्प न करणारे चौकोनी पियानो त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

एवढी विविधता, आणि कागद जवळपास शून्य. यातले पुष्कळसे चौकोनी पियानो निनावी आहेत. बनवणारे अनेकदा ऑर्गनचे कारागीर किंवा सुतार. चर्चच्या मोठ्या कामातून सवड मिळाली की घरगुती वाद्य करायचे. नावाची पट्टी नाही, क्रमांक नाही, विक्रीची वही नाही. लंडनला चित्र वेगळं होतं. न्युर्नबर्गजवळच्या फ्युर्थ गावातून तिकडे गेलेल्या योहानेस झुम्पेने १७६० च्या दशकात चौकोनी पियानोचा एक सुटसुटीत नमुना बसवला आणि तो धडाधड खपला. २ जून १७६८ रोजी लंडनच्या थॅच्ड हाउसमध्ये योहान क्रिस्टियान बाखने जाहीर मैफलीत एकट्याने पियानो वाजवला, तो झुम्पेचाच होता असं मानलं जातं. झुम्पे आपल्या वाद्यावर नाव आणि साल लिहायचा. पुढे ब्रॉडवुडने क्रमांक घातले, वह्या ठेवल्या. त्यामुळे एखादा ब्रॉडवुड दुरुस्तीत बिघडला तर त्याची शंभर भावंडं शिल्लक आहेत आणि त्यांची नोंदही आहे. निनावी जर्मन पियानोला भावंडं नाहीत. त्याच्याबद्दल जे काही कळायचं, ते त्याच्याच लाकडातून, तारेतून आणि कातड्यातून. जर्मन वाद्याबाबत हट्ट सोडा असं म्हणायचं कारण एवढंच.

नावाची चिठ्ठी असली तरी भागत नाही. न्युर्नबर्गच्या जर्मानिशेस नात्सिओनालम्युझेउममध्ये आल्गॉयमधल्या योहान सोखरचा एक चौकोनी पियानो आहे. त्यावर साल आहे १७४२. हे साल खरं असेल तर तो जगातला सगळ्यात जुना ज्ञात चौकोनी पियानो. पण अनेक अभ्यासकांना ते पटत नाही. त्यांच्या मते घडण त्या सालाशी जुळत नाही. हा वाद अजून चालू शकतो, कारण पोटातल्या वस्तू पाहता येतात. कुणा उत्साही माणसाने सगळी यंत्रणा काढून नवी बसवली असती, तर चिठ्ठीवर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, एवढंच हातात राहिलं असतं.

दुरुस्तीत नेमकं काय जातं? समजा, एका वाद्याच्या हातोड्या उघड्या लाकडाच्या आहेत. मालक म्हणतो, आवाज फार कर्कश, कानाला लागतो. कारागीर प्रत्येक हातोडी घासून साफ करतो आणि तिच्यावर हरणाचं कातडं चिकटवतो. आवाज गोड होतो, सगळे खूश. पण त्या लाकडावर जुन्या सरसाचा डाग होता की नव्हता? डाग असता तर कातडं मुळात होतं आणि नंतर गळलं. नसता तर कारागिराला उघडी हातोडीच हवी होती. घासकागदाने हा प्रश्न कायमचा पुसला. काहीजण तर कातड्याऐवजी नमदा लावतात. पियानोच्या हातोड्यांना नमदा लावायचं पेटंट पॅरिसमध्ये आंरी पापने घेतलं ते १८२६ मध्ये, या वाद्यांनंतर अर्ध्या शतकाने. गमतीचा भाग असा की पापही मूळचा हॅनोव्हरजवळचा जर्मनच.

तारांचं तसंच. दुरुस्तीला आलेल्या वाद्याच्या जुन्या, गंजक्या तारा पक्कडीने तोडून कचऱ्यात टाकायच्या, हा रिवाज. १९८० च्या दशकात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधल्या मार्था गुडवे आणि जे स्कॉट ओडेल यांनी सतराव्या-अठराव्या शतकातल्या अशाच तारांचे तुकडे धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत तपासले. जुन्या लोखंडी तारेत फॉस्फरस होता आणि तिच्या ताकदीचं मर्म त्यात होतं, हे त्यातून पुढे आलं. नंतर तशा तारा नव्याने ओढायचे प्रयत्न झाले, ते या कामाच्या जोरावर. कचऱ्याच्या डब्यातून कुणीतरी वाचवलेले तुकडे नसते, तर हे कळलंच नसतं.

तिसरी गोष्ट सुराच्या उंचीची. मालकाला आपल्या मित्राच्या व्हायोलिनबरोबर वाजवायचं असतं, म्हणून वाद्य आजच्या ४४० हर्ट्झवर चढवायचं. श्टाइनच्या नावाने सांगितला जाणारा सूरकाटा साधारण ४२१.६ चा आहे. त्यावरून ४४० वर जायचं तर प्रत्येक तारेचा ताण सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतो. नऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण अडीचशे वर्षं सतत एकाच बाजूला ओढली गेलेली पेटी आधीच पिळवटलेली असते. सरस कोरडा, सांधे सैल. मग तळफळी वाकते, साउंडबोर्ड दबतो, कोपरा वर उचलला जातो आणि दोन-चार वर्षांत पुन्हा कारागीर, पुन्हा बिल. वाद्याच्या बाजारभावापेक्षा दुरुस्तीचा खर्च कित्येक पट. हे गणित कुणी सरळ मांडलं तर निम्मे मालक आपण होऊन थांबतील, असं वाटतं.

वाजतं केल्यावर निदान जुना आवाज तरी मिळतो का? याचं उत्तर पियानोच्या जनकाच्याच घरात सापडतं. फ्लोरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीचे फक्त तीन पियानो उरले आहेत. १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, १७२२ चा रोममध्ये, १७२६ चा लायपझिग विद्यापीठाच्या वाद्य संग्रहालयात. न्यूयॉर्कचा वाजतो. लोक तो ऐकतात आणि ‘जगातला सर्वांत जुना पियानो’ म्हणून भारावतात. पण १९३८ च्या दुरुस्तीत त्याचा साउंडबोर्ड बदलला गेला. म्हणजे आवाज ज्या फळीतून येतो, तीच विसाव्या शतकातली. लायपझिगचा वाजवत नाहीत. आणि तरीही क्रिस्तोफोरीचा पियानो कसा वाजत असेल याचा अंदाज ज्या नव्या प्रतिकृतींवरून घेता येतो, त्यांच्यामागे याच न वाजणाऱ्या वाद्याची मोजमापं मोठ्या प्रमाणावर आहेत. या दोघांतलं जास्त ‘बोलकं’ कोणतं, हे ज्याने त्याने ठरवावं. प्रस्तुत लेखकाचं मत लायपझिगच्या बाजूने आहे.

मराठी वाचकाला हे सगळं खटकेल, आणि खटकावंही. वाद्य म्हणजे वाजायची वस्तू. न वाजणारा तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला की घरातली वडीलधारी माणसं नाराज होतात. मिरजेला जुना तंबोरा नेला तर तिथला कारागीर घोडी काढतो, जवारी घासून नवी करतो, तार बदलतो, भोपळ्याला तडा असेल तर सांधतो. तंबोरा पुन्हा गाऊ लागतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग जर्मन पियानोला एवढं सोवळं कशाला?

फरक परंपरेचा आहे. मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम पिढ्यान्पिढ्या अखंड चालू आहे. त्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी कशी उघडायची हे आजच्या कारागिराच्या हातात आहे, कारण ते त्याच्या आजोबांच्या हातात होतं. जुनी जवारी गेली तरी ती करण्याची विद्या जात नाही. गेऱ्याच्या किंवा आन्सबाखच्या कार्यशाळेचं तसं नाही. एकोणिसाव्या शतकात ती विद्या पार बुजली. बॉस्टनच्या अल्फिअस बॅबकॉकने १८२५ मध्ये पियानोसाठी सलग ओतलेल्या बिडाच्या चौकटीचं पेटंट घेतलं, तेही चौकोनी पियानोसाठीच. मग तारा जाड झाल्या, हातोड्या जड झाल्या, वाद्यं राक्षसी झाली. जर्मनीतल्या झेसेन गावचा हाइनरिश श्टाइनवेग अमेरिकेला गेला, १८५३ मध्ये न्यूयॉर्कला त्याने कंपनी काढली आणि स्टाइनवे या नावाने विकलेला तिचा पहिला पियानो चौकोनीच होता. क्रमांक ४८३, किंमत ५०० डॉलर. आधीची ४८२ वाद्यं जर्मनीत झाली, असं कंपनी सांगते. पण बिडाच्या चौकटीचे हे दणकट चौकोनी पियानो आणि अठराव्या शतकातली ती हलकी लाकडी पेटी यांच्यात आकारापलीकडे फारसं साम्य उरलं नव्हतं. आज जो कारागीर जुना जर्मन चौकोनी पियानो दुरुस्त करतो, तो ती विद्या कुणाकडून ऐकून शिकलेला नसतो. तो ती याच वाद्यांवरून शिकतो. शिकायच्या पोथीतच दुरुस्त्या करत सुटलं तर पुढच्याने शिकायचं कशावरून?

वाजवणाऱ्यांची बाजू कमजोर नाही. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात रिचर्ड बर्नेट यांनी फिंचकॉक्सच्या वाड्यात जुन्या पियानोंचा मोठा संग्रह जमवला आणि तो वाजता ठेवला. जुन्या पियानोवर मोझार्ट ऐकण्याची गोडी कितीतरी लोकांना तिथे लागली. ती गोडी लागली नसती तर संग्रहालयांना पैसे कुणी दिले असते, हा प्रश्न टाळता येत नाही. २०१५ मध्ये ते संग्रहालय बंद झालं आणि पुढच्या वर्षी बरीच वाद्यं लिलावात गेली, हीही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. वाजता संग्रह एका माणसाच्या हौसेवर उभा राहतो आणि हौस थकली की विखुरतो. तरी लंडनच्या कारखान्यात शेकड्याने बनलेली वाद्यं असा वापर सोसू शकतात. त्यांच्याबाबत सोवळं पाळणं हा नुसता कर्मठपणा झाला.

संग्रहालयांनी हा धडा गिरवायला बराच वेळ घेतला. न्युर्नबर्गच्या त्याच संग्रहालयाकडे १९६० च्या दशकात र्‍युक आणि नॉयपर्ट हे दोन मोठे खासगी संग्रह आले. खासगी संग्राहकांच्या काळात अशी वाद्यं सर्रास वाजती करून घेतली जात. पुढे तिथल्या फ्रीडेमान हेलविग यांच्यासारख्या जाणकारांनी ‘आधी मोजा, नोंदवा, आराखडा काढा’ ही शिस्त रुजवली. या संग्रहालयाने आपल्या वाद्यांचे तपशीलवार आराखडे विक्रीला ठेवले, हे वाजवण्याच्या हौशीला मिळालेलं सगळ्यात मोठं देणं म्हणायला हवं. आराखडा हातात आला की कुठलाही कुशल कारागीर नवं वाद्य करू शकतो. त्या नव्या वाद्यावर जोरात वाजवा, सूर चढवा-उतरवा, तारा तोडा, कुणाचंही नुकसान नाही. शिवाय मोझार्टने ऐकली ती वाद्यं नवी होती. अडीचशे वर्षं वाळलेल्या लाकडाचा आवाज त्याच्या कानावर कधीच पडला नव्हता. ‘अस्सल’ आवाजाच्या मागे लागलेल्यांना चांगली प्रतिकृती मूळ वाद्यापेक्षा जास्त जवळ नेते, हे पचायला जड आहे, पण तसंच आहे.

आता तर पेटी उघडायचीही गरज उरलेली नाही. २०१४ ते २०१८ या काळात न्युर्नबर्गच्या संग्रहालयाने फ्राउनहोफर संस्थेच्या क्ष-किरण केंद्राबरोबर एक प्रकल्प केला. शंभराच्या आसपास जुनी वाद्यं सीटी स्कॅनमधून काढली आणि हे काम कसं करावं याचे मापदंड ठरवले. सांध्यात खिळा आहे की खुंटी, फळी किती जाड, कीड कुठवर गेली, हे वाद्याला हात न लावता दिसतं. हे केंद्र आहे फ्युर्थमध्ये. झुम्पे जिथून लंडनला निघाला, त्याच गावात.

राहता राहिला तो मालक, ज्याच्या घरात आजोबांच्या वेळेपासून अशी एक पेटी पडून आहे आणि ज्याच्याकडे ना स्कॅनर ना संग्रहालयाचा पैसा. त्याला करण्यासारखं बरंच आहे आणि ते स्वस्तही आहे. पियानो लावणाऱ्याला बोलावून तारा ओढायच्या नाहीत. हातोड्यांच्या सांध्यांत तेल सोडायचं नाही. तेल पडलं की लाकूड आणि कातडं दोन्ही बिघडतं. वाद्य रेडिएटरपासून आणि खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवायचं. पट्ट्यांखालची धूळ झाडताना जे सापडेल ते फेकायचं नाही. टाचण्या, सुया, मेणाचे थेंब, कागदाचे कपटे यांवरूनही वाद्य कुठल्या घरात होतं हे कळतं. तार तुटली तर तिचे तुकडे पाकिटात घालून पाकिटावर लिहायचं: डावीकडून कितवी पट्टी, दोघींतली कोणती तार, तुटली ती तारीख. आणि वाजवायची हौस असेलच, तर दुरुस्तीच्या पैशात एखाद्या तरुण कारागिराकडून प्रतिकृती होते का, हे आधी विचारून पाहावं.